परवानाधारकाची बायको

मास्तरीणबाईंचा घरातल्या बंदुकांवर राग नव्हता. राग होता किल्लीवर. खरं तर किल्लीवरही नव्हे. ती किल्ली कुठे असते हे आपल्याला ठाऊक नाही, असं दर तपासणीला तोंड वर करून सांगावं लागायचं, त्यावर होता.

नियम असा होता: बंदुका पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, दोन्हींना कुलूप, आणि किल्ल्या फक्त परवानाधारकाजवळ. घरातल्या दुसऱ्या कुणाला त्या कुठे असतात हे नुसतं ठाऊक जरी असलं, तरी बंदूक त्याच्या हातात दिल्यासारखंच, आणि परवाना रद्द. हा नियम ज्याने केला त्याला बायको नसावी, किंवा असली तर ती त्याचे बूट पुसत नसावी. कारण किल्ल्यांचा जुडगा मास्तरांच्या शिकारीच्या डाव्या बुटाच्या टोकाशी कोंबलेला असायचा, आणि बूट पुसायच्या मास्तरीणबाई. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बूट झटकला तेव्हाच तो खळ्ळकन बाहेर पडला होता. मास्तर तेव्हा म्हणाले होते, "हे तू पाहिलंच नाहीस. कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं." बाईंनी जुडगा परत बुटात टाकला आणि तेव्हापासून त्या माहीत नाही म्हणत आल्या.

त्या एकट्याच नव्हत्या. मास्तरांच्या नेमबाजी क्लबातल्या सभासदांच्या यच्चयावत बायकांचं हेच. कुणाच्या नवऱ्याची किल्ली आरशामागे, कुणाची न वापरत्या छत्रीत. वार्षिक संमेलनाला पुरुष मंडळी नेमबाजीच्या गप्पा मारत असताना या बायका एका कोपऱ्यात बसून एकमेकींना किल्ल्यांच्या जागा सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. तपासणीवाला आला की मात्र सगळ्या आम्ही नाही त्यातल्या. तोही विचारायचा, लिहून घ्यायचा, चहा पिऊन जायचा. त्याच्या स्वतःच्या बायकोला त्याची किल्ली ठाऊक नसेल असं मानायला कुणी दूधखुळं नव्हतं. कायदाही खूश, नवराही खूश, आणि खोटं बोलायचं कुणी, तर बायकोने.

मास्तर शाळेतले नव्हते. जन्म लेथवर गेला. पण ज्याला शिकारीचा किंवा चांदमारीचा, म्हणजे निशाणावर नेम धरण्याचा, परवाना काढायचा असेल त्याला आधी नियमांची परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेची तयारी मास्तर सुट्टीच्या दिवशी आपल्या बैठकीत करून घेत. त्यावरून ते मास्तर आणि या मास्तरीणबाई. त्या शेजारच्या खोलीत मशीनवर बसून नेमबाजांच्या जाकिटांना खांद्यावर चामड्याची ठिगळं शिवत, आणि दारातून मास्तरांचा आवाज येत राही. अर्धं कानावर पडे, अर्धं मशीनच्या आवाजात जाई. एक वाक्य तेवढं भिंतीलाही पाठ झालं होतं. "बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. उघडून पाहिल्याशिवाय रिकामी म्हणू नका." एका बड्या ठेकेदाराने एकदा बंदूक न उघडता टेबलावर ठेवली, तर मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर घरी पाठवलं होतं. ठेकेदार दुसऱ्या आठवड्यात मुकाट्याने येऊन मागच्या बाकावर बसला. असा माणूस.

आणि मग हा माणूस विसरायला लागला.

आधी माणसांची नावं, मग दुकानातून काय आणायचं ते. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. विसरायचं वयच होतं. मग एके सकाळी त्यांनी जाकिटाला बटण लावायला बटणांचा डबा उघडला, तर बटणांत काडतुसं. पितळी, चकचकीत, चार-पाच. त्यांनी ती मास्तरांपुढे धरली. मास्तर म्हणाले, "बरं झालं सापडली." कुणी ठेवली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात रायफलचा बोल्ट सापडला, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी सुटतच नाही तो पोलादी दांडा. मास्तरांनी तो पुसला, निमूट जागेवर नेऊन ठेवला आणि दिवसभर बाईंशी बोलले नाहीत.

पण बाईंची झोप उडाली ती नंतरच्या एका दुपारी. शिकारीला बंदी असायचे दिवस, समोरच्या रस्त्यावर शाळा सुटलेली, आणि मास्तर घरातल्या सपाता घालून अंगणात उभे. हातात शिकारीची रायफल, नळी रस्त्याकडे.

"अहो," बाई दारातूनच म्हणाल्या, "भरलेली आहे का ती?"

मास्तरांनी रायफलकडे पाहिलं. विचार केला. "असेल," म्हणाले.

असेल. आजवर बंदुकीबद्दल हा शब्द त्या तोंडातून कधी निघाला नव्हता. बाईंनी त्यांना दंडाला धरून आत आणलं, गोड बोलून रायफल कपाटात ठेवायला लावली, कुलूप त्यांच्याच हाताने लावून घेतलं. मास्तर जेवायला बसल्यावर त्यांनी बुटातला जुडगा काढला आणि मशीनच्या खणात रिळांखाली दडवला. त्या क्षणापासून आपण गुन्हेगार आहोत हे त्यांना चांगलंच कळत होतं. किल्ली नुसती ठाऊक असणं वेगळं आणि जवळ बाळगणं वेगळं. त्यांनी ती टाकून दिली असती, पण त्याने कपाट कायमचं बंद राहणार नव्हतं, मास्तरांचे हात त्यांना माहीत होते. लेथवर जन्म काढलेला माणूस नवी किल्ली घासून काढायला विसरला नसता.

परवाना नव्याने करून घ्यायची वेळ जवळ आली होती. बाईंना वाटलं, चला, देवानेच वाट काढली. परवाना कचेरीत जाऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आत कारकून होता, शिक्के वाळत घातल्यासारखे समोर मांडून बसलेला.

"यजमानांच्या बंदुका जमा करून घ्यायच्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांची तब्येत ठीक नाही."

"त्यांना पाठवा."

"तब्येत ठीक नाही म्हणाले ना."

"मावशी, परवाना त्यांचा. जमा करायच्या तर त्यांनीच अर्ज करायचा. तुम्ही परवानाधारक आहात का?"

"मी बायको आहे त्यांची."

"म्हणजे नाही," कारकून म्हणाला. वाईट बोलला नाही, उलट समजावणीच्या सुरात बोलला, आणि त्यानेच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते तुम्हाला धमकावतात का? मारतात? तसं असेल तर तक्रार घेतो."

"त्यांनी जन्मात आवाज चढवलेला नाही."

"मग कसं करणार? बरं, आजाराचं म्हणत असाल तर डॉक्टरचं पत्र आणा. नाहीतर मग नियम मोडल्याचं तपासणीत आढळलं पाहिजे. तसं आढळलं तर जागच्या जागी जप्ती. त्याला कुणाचा अर्ज लागत नाही."

म्हणजे नियम पाळणाऱ्याच्या घरात बंदूक राहणार, आणि माणूस विसरला, भ्रमला, रस्त्याकडे नळी करून उभा राहिला, तरी जोवर कुणाच्या कागदावर येत नाही तोवर राहणार. बाई घरी येईपर्यंत स्वतःशी पुटपुटत होत्या. बायकोने काय बघितलं त्याला किंमत नाही. बायकोला किल्ली माहीत नाही, एवढ्याचीच काय ती सरकारला किंमत.

डॉक्टरांकडे जाण्यात अडचण एकच होती. घरचे डॉक्टर तेच क्लबाचे सेक्रेटरी. तरी बाई गेल्या. काडतुसं, बोल्ट, अंगण, सगळं सांगितलं. किल्लीचं तेवढं सांगितलं नाही.

डॉक्टर मान हलवत ऐकत राहिले. "वहिनी, या वयात सगळेच विसरतात. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो."

"तुमच्या चष्म्यातून गोळी सुटत नाही, डॉक्टर."

ते हसले. "परवा मी मास्तरांना मुद्दाम नियम विचारले. एक चुकला नाही. गाडीतून बंदूक कशी न्यायची, कुठल्या बोअरला, म्हणजे नळीच्या मापाला, किती काडतुसं घरी ठेवता येतात, जखमी जनावर सुटलं तर काय करायचं, घडाघडा. मी काय लिहून देऊ? ज्याला अख्खं नियमपुस्तक पाठ आहे त्याची स्मरणशक्ती गेली म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरं सांगू का, क्लबाच्या नोंदीत मान्यताप्राप्त शिक्षक म्हणून नाव एकट्या मास्तरांचं आहे. त्यांचा परवाना गेला तर दुसरा शिक्षक मिळेपर्यंत चांदमारी बंद ठेवावी लागेल. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. एवढी तपासणी होऊ द्या. मी स्वतः येऊन बसतो ना."

"म्हणजे तुमची स्पर्धा होईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसायचं."

"असं का बोलता, वहिनी? मास्तर आमचं भूषण आहेत."

भूषण. बाई उठल्या. चप्पल घालून त्या बाहेर पडल्या. या माणसाने त्यांच्या घरी वर्षानुवर्षं चहा प्यायला होता. त्याला मास्तर नको होते, मास्तरांचं नाव हवं होतं. आणि इकडे घरात मास्तर रोज सकाळी उठून डावा बूट हातात घेत, आत हात घालत, आणि बाईंकडे बघत. बूट खाली ठेवत, पुन्हा उचलत. "इथे काहीतरी होतं," म्हणत. बाई म्हणत, "मला काय माहीत?"

तपासणीच्या दिवशी डॉक्टर आधीच येऊन बसले. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तपासणीला आलेली अधिकारी एक तरुण मुलगी होती, आणि दारात पाऊल टाकताच तिने वाकून नमस्कार केला. "ओळखलंत का, सर? तुमच्याच वर्गात शिकले मी. या इथे, खिडकीजवळ बसायचे."

"बस बस," मास्तर म्हणाले. ओळखलं नव्हतं, पण झाकून नेलं. हल्ली ते त्यात तरबेज झाले होते.

"पद्धत म्हणून चार प्रश्न विचारावे लागतात, सर. तुम्हाला विचारताना मलाच लाज वाटते."

"लाज कसली? विचार."

आणि मास्तर फुलले. पाठ ताठ झाली, आवाजाला जुनी धार आली. बंदूक गाडीतून नेताना रिकामी, पिशवीत, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळी. ज्या बोअरचा परवाना त्याच बोअरची काडतुसं, आणि परवान्यावर मर्यादा लिहिली असेल तेवढीच. नेम धरण्याआधी लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहायचं. जनावर जखमी होऊन पळालं तर माग काढल्याशिवाय घरी यायचं नाही. एका उत्तरावर तर त्यांनी मुलीचाच प्रश्न सुधारून दिला. डॉक्टर बाईंकडे बघून हसले. बघा, मी म्हणालो नव्हतो?

बाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. एकीकडे त्यांना रडू येत होतं, कारण हा त्यांचा नवरा होता, जसाच्या तसा, आणि बऱ्याच दिवसांनी भेटला होता. दुसरीकडे त्यांना वाटत होतं, कुणीतरी एकदा तरी विचारा की आज वार कोणता. सकाळी काय खाल्लं, ते विचारा. पण ते प्रश्न नियमात नव्हते.

"काकू, सर अजून तसेच आहेत," मुलगी म्हणाली आणि कागदावर खुणा करत गेली. "आता कपाट पाहिलं की झालं. सर, किल्ली?"

मास्तरांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मग पॅन्टच्या. मग ते उठून आत गेले, आणि बराच वेळ आतून सामान हलवल्याचे आवाज आले. परत आले तेव्हा हातात डावा बूट होता. त्यांनी तो उलटा करून टेबलावर झटकला. थोडी वाळलेली माती पडली. मास्तर त्या मातीकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा सगळा तजेला उतरून गेला.

मुलीची लेखणी थांबली.

"अहो, मास्तरांची थट्टा चाललीय," डॉक्टर घाईने म्हणाले. "किल्ली कुणासमोर काढायची नाही, हा त्यांचाच धडा नाही का? कपाट बंद आहे, कुलूप आहे, दिसतंय ना? पाहिलं म्हणून लिहून टाका. आपण काय मास्तरांवर अविश्वास दाखवणार?"

मुलगी घुटमळली. तिला आपल्या गुरूला त्या बुटासकट उभं राहिलेलं पाहवत नव्हतं, हे बाईंना दिसत होतं. पोर चांगली होती. चांगुलपणानेच ती आता खोटं लिहिणार होती. तिने एक शेवटचा प्रश्न उरकून टाकण्यासाठी बाईंकडे पाहिलं. "काकू, तुम्हाला तर किल्लीचं काही ठाऊक नसणारच."

उत्तर तिनेच हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची. चहा ठेवायचा.

"आहे ठाऊक," बाई म्हणाल्या.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." बाई शेजारच्या खोलीत गेल्या, मशीनचा खण ओढला, रिळं बाजूला सारली आणि जुडगा घेऊन आल्या. "पहिल्यापासून ठाऊक आहे. बुटात असायची. आता माझ्याजवळ असते. लिही, माझ्याजवळ असते. क्लबातल्या सगळ्यांच्या बायकांना ठाऊक आहे. यांची," त्यांनी डॉक्टरांकडे बोट केलं, "आरशामागे असते." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कपाटाला किल्ली लावली आणि दार सताड उघडलं.

आत हात त्यांनी घातला नाही. मुलगी पुढे झाली. तिने चांदमारीची बंदूक तपासली, ती रिकामी होती. मग शिकारीची रायफल काढली, नळी भिंतीकडे धरली आणि शिकवल्याप्रमाणे बोल्ट मागे ओढला. एक काडतूस फरशीवर पडलं आणि गडगडत टेबलाखाली गेलं. अंगणातल्या त्या दुपारपासून ते तिथेच होतं.

पहिले बोलले डॉक्टर. "हे पाहा, किल्ली वहिनींकडे होती. तेव्हा ही कुणी भरली, हे कोण सांगणार? मास्तरांच्या नावावर हे येता कामा नये."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे आवाज अजिबात चढला नाही. "डॉक्टर, मी तुमच्या दारात आले होते. रस्त्यावर शाळा सुटली होती हेही सांगितलं होतं. तुम्ही मला चष्म्याची गोष्ट सांगितलीत. आता माझ्या नावावर घाला की. घाला. पण बंदूक या घरातून गेली पाहिजे."

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "किल्ली बाळगल्याबद्दल तुमच्यावरही नोंद करावी लागेल मला."

"कर ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

मुलगी खाली बसून लिहायला लागली. तिचे डोळे भरले होते. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. मास्तर मात्र हळूच वाकले, टेबलाखालून काडतूस काढलं आणि तळहातावर घेऊन उजेडात नीट पाहिलं. मग उघड्या कपाटाकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या जुडग्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बैठकीत पुन्हा एकदा वर्गातला आवाज आला.

"नळीत गोळी. किल्ली बायकोच्या हातात. परवाना कुणाचा आहे हा?"

मुलीने मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं.

"कुणाचा का असेना," मास्तर म्हणाले. "असल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये. जप्त कर. दयामाया दाखवू नकोस. आज दाखवशील आणि उद्या कुणाचं तरी पोर मरेल."

"हो, सर," मुलगी म्हणाली. "साक्षीला सही कराल?" असं म्हणून तिने परवानाधारकाच्या सहीची जागा बोटाने दाखवली.

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. सही करता करता थांबले आणि बाईंकडे वळले. रागाने नव्हे, एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसे अदबीने बोलले. "तुम्हाला इतके दिवस ठाऊक होतं, बाई. मग बोलला का नाहीत?"

"माझे यजमान म्हणायचे," मास्तरीणबाई म्हणाल्या, "की माहीत नाही म्हणायचं."

"चुकीचं सांगायचे," मास्तर म्हणाले, आणि दाखवलेल्या जागी त्यांनी सही केली.